घोंगडी, स्वेटर आणि केदारनाथची वाट

  आज आपण गरम कपड्यांचा इतिहास बघणार आहोत. तुम्ही म्हणाल, नागपूरच्या बायांना गरम कपड्यांचं काय पडलं आहे? आपल्याकडे आठ महिने तर पंख्याखाली जातात. पण हा इतिहास आम्ही हौसेनं शोधलेला नाही. आमच्यावर वेळ आली म्हणून शोधला.

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या गटांतल्या अकरा जणी केदारनाथला गेलो. दोन वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. नागपुरातून निघालो तेव्हा अंगाची लाही होत होती. गौरीकुंडाहून चढायला लागलो तेव्हाही ऊन होतं. आमच्यातल्या सगळ्यात वडील मावशी नायलॉनच्या साडीत होत्या. आत सुती ब्लाउज आणि परकर, वर दोन स्वेटर, पायात चपला. आम्ही आग्रह केला, की मावशी, सलवार घाला, बूट घाला. मावशी म्हणाल्या, "चाळीस वर्षांत नाही घातली, आता देवाच्या दारात घालू काय?" आम्ही गप्प बसलो.

चढताना मावशींना घाम आला. आतलं सुती कापड भिजून चिंब झालं. दुपारनंतर पाऊस सुरू झाला आणि वारा सुटला. साडीचा घोळ पाणी पिऊन जड झाला. वर पोचायला दीड-दोन किलोमीटर राहिले असतील, तेव्हा मावशींची बोबडी वळू लागली. त्या म्हणाल्या, "बाई, माह्या हाताले काही समजूनच नाही राह्यलं." थोड्या वेळानं त्यांचं थरथरणंही थांबलं, आणि आम्हाला वाटलं, चला, आराम पडला.

मैत्रिणींनो, तो आराम नव्हता. शरीर थकून हरत चाललं होतं. वाटेवरच्या चहाच्या टपरीवर एक गढवाली बाई होती. तिनं मावशींकडे एकदा बघितलं आणि ओरडली, "पहले गीला कपड़ा उतारो, चाय बाद में!" तिनं आडोसा केला, ओले कपडे काढायला लावले, कोरड्या घोंगड्यात गुंडाळलं, डोक्याला टोपी घातली. मावशींना नीट बोलता यायला लागलं, मगच गरम गोड चहा दिला. मावशी वाचल्या.

परत आल्यावर गटाच्या बैठकीत हाच विषय निघाला. पैसे होते, दुकानं होती, सांगणारी माणसंही होती. मग आपण एवढ्या अडाण्यासारखं कसं वागलो? तेव्हा आम्ही ठरवलं, की थंडीशी माणसं आजवर कशी लढली ते आधी समजून घ्यायचं, मग पुढच्या यात्रेची खरेदी करायची. आज तेच तुम्हाला सांगतो.

सुरुवात आपल्या घरापासून करू. आपल्याकडे थंडी पडतच नाही असं नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पण आपली थंडी कोरडी असते. सूर्य वर आला की पळते. ती निभवायला आपल्याकडे दोन वस्तू पूर्वीपासून आहेत. एक गोधडी, दुसरी घोंगडी.

घोंगडी ही धनगरांची देणगी. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, खड्ड्याच्या मागावर विणायचं, आणि चिंचोक्याची खळ द्यायची. अंगाला टोचते म्हणून आजच्या पोरी नाक मुरडतात. पण रात्रभर रानात मेंढरांबरोबर राहणारा धनगर पावसात तीच डोक्यावरून खोळ करून घेतो. का? कारण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. भिजली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते. सुती कापडाचं उलटं आहे. ते पाणी पितं, अंगाला चिकटतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. उन्हाळ्यात ओला पंचा डोक्यावर घेतल्यावर गार का वाटतं? त्याचं कारणही हेच. नागपूरच्या मे महिन्यात जे सुती कापड आपल्याला वाचवतं, तेच केदारनाथच्या पावसात आपल्याला मारायला निघतं. आपल्या धनगराला हे शाळेत न जाता माहीत होतं. आम्हाला मात्र बीए करूनही माहीत नव्हतं.

मग आला स्वेटर. आपल्या भागात स्वेटर म्हटलं, की दिवाळीनंतर नागपुरात दुकानं मांडणारे तिबेटी लोक आठवतात. ते दरवर्षी कुठून येतात? १९५९ साली दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं आली. त्यांच्यासाठी सरकारनं वेगवेगळ्या राज्यांत वसाहती केल्या. महाराष्ट्रातली वसाहत आपल्या शेजारीच आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ. तिचं नाव नोर्ग्येलिंग, आणि ती १९७२ साली वसली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. जगातल्या सगळ्यात उंच पठारावरची माणसं आपल्या भाताच्या मुलखात आली. पावसाळ्यात शेती आणि हिवाळ्यात स्वेटर विकणं, असा संसार त्यांनी उभा केला.

त्यांच्याकडचा बराचसा माल लुधियानाच्या कारखान्यांतून येतो. त्यातला पुष्कळ माल लोकरीचा नसून ॲक्रिलिक धाग्याचा असतो. त्यात फसवणूक नाही, कारण त्याची किंमतही तशीच कमी असते. पण घेताना आपल्याला फरक कळला पाहिजे. सुटा धागा घेऊन जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटानं चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. म्हणूनच असा स्वेटर घालून चुलीला किंवा शेकोटीला अगदी चिकटून बसू नये.

पण स्वेटर लोकरीचा असो की ॲक्रिलिकचा, त्याची एक कमजोरी आहे. त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. मावशींनी एकावर एक दोन घातले होते, तरी वाऱ्यापुढे ते चाळणीसारखेच ठरले.

आता इथून आपण हिमालयात जाऊ. १९२२ साली इंग्रजांची एक तुकडी एव्हरेस्ट चढायला गेली. त्या काळचे गिर्यारोहक रेशीम, लोकर आणि वर घट्ट विणीचं सुती गॅबर्डिन असे कपडे घालायचे. त्यांच्यात जॉर्ज फिंच नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. त्यानं हवाई फुग्याचं कापड घेतलं, त्यात ईडर बदकाची पिसं भरली आणि शिवून कोट केला. सोबत्यांनी आधी त्याची थट्टा केली. वर गेल्यावर त्यांनाच त्या कोटाचा हेवा वाटू लागला. फिंच त्या वेळी साधारण ८,३२० मीटरपर्यंत पोचला. तोवर तेवढ्या उंचीवर कुणीच गेलं नव्हतं.

मैत्रिणींनो, तो कोट म्हणजे काय होतं? आपली रजईच की! दोन कापडांमध्ये काहीतरी फुगीर भरायचं, टाके घालून ते जागच्या जागी धरायचं. ऊब ना कापसाची असते, ना पिसांची. त्यात अडकलेल्या हवेची असते. अंगाची गरमी ती हवा धरून ठेवते. म्हणून दडपून गुठळ्या झालेली रजई गरम राहत नाही, आणि उन्हात टाकून पिंजली की पुन्हा ऊब देते. फरक एवढाच, की आपली रजई कापसाची असते आणि कापूस पाणी पितो. पिसंही भिजली की चिपकून बसतात. म्हणून पिसांचा कोट पावसात वर घालायचा नसतो, कोरड्यात घालायचा असतो.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. १९६२ च्या शरद ऋतूत चीनच्या सीमेवर ताण वाढला, तेव्हा आपले जवान मैदानातून घाईघाईनं वर पाठवले गेले. पूर्वेला नामका चू नदीच्या काठी, चौदा हजार फुटांच्या आसपास, अनेकांच्या अंगावर सुती उन्हाळी गणवेश होते आणि पायात कॅनव्हासचे बूट. पांघरायला एकेक कांबळं. विमानातून टाकलेलं सामान पुष्कळदा दरीत हरवायचं. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला. पण त्याच्या आधीच काही जण थंडीनं आणि न्यूमोनियानं गेले होते. लडाखमध्ये रेझांग ला इथे १८ नोव्हेंबरला मेजर शैतान सिंग यांची कुमाऊँ रेजिमेंटची तुकडी लढली. त्यातले बहुतेक जवान हरियाणाच्या मैदानी गावांतले, शेतकऱ्यांची पोरं. शंभराहून अधिक जण तिथे पडले. हिवाळा सरत आल्यावर त्यांचे देह सापडले, ते बर्फात गोठलेले होते. काहींच्या हातात अजून शस्त्र होतं.

त्या दिवसांत देशभरातल्या बायांनी अंगावरचं सोनं संरक्षण निधीत दिलं. आणि आणखी एक काम केलं. शाळांमधून, महिला मंडळांमधून, घराघरांतून जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं म्हणतात ते तेव्हापासून. आमच्या वाचनात सह्याद्रीचं नाव नेहमी येतं. त्या सुया चालवणाऱ्या बायांचं नाव कुठे येत नाही. म्हणून ते इथे घेतो. त्यांनी जमेल ते केलं. पण आपण हेही समजून घेऊ, की विणलेला स्वेटर एकटा पुरा पडत नाही. त्याच्यावर वारा अडवणारा कोट लागतो, पायात बर्फाचे बूट लागतात, आणि ते वेळेच्या आधी पोचावे लागतात. ती व्यवस्था करायची होती सरकारनं. ती झाली नव्हती.

हा धडा पुढे उपयोगी पडला. १३ एप्रिल १९८४ रोजी आपलं सैन्य सियाचीनच्या हिमनदीवर उतरलं. त्या वेळी खास थंडीचे कपडे आधी परदेशातून मागवले गेले. मोहिमेच्या अगदी तोंडावर ते हातात पडले, आणि मगच जवान वर गेले. तरीही सियाचीनवर गोळीपेक्षा जास्त जवान हवामानानं आणि हिमकड्यांनी घेतले आहेत. म्हणजे चांगले कपडे माणसाला अमर करत नाहीत. फक्त लढायला संधी देतात.

त्याच १९८४ च्या मे महिन्यात, २३ तारखेला, बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या. तिथे पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या एका गावच्या साध्या घरातल्या या मुलीनं सलवार-कमीज शिवून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवला होता. आपल्या गटात शिलाई करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांनी हे मनात ठेवावं.

आणि शेवटची गोष्ट अगदी आपल्या शेजारची. मे २०१८. चंद्रपुरात पारा ४७ अंशांच्या घरात. त्याच महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत शिकलेल्या पाच आदिवासी मुलांनी एव्हरेस्ट गाठला. मनीषा धुर्वे, कवीदास काठमोडे, उमाकांत मडावी, परमेश आळे आणि विकास सोयाम. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मधून ती गेली होती. कोळशाच्या खाणींच्या आणि उन्हाच्या जिल्ह्यातली ही पोरं एकदम वर गेली नाहीत. आधी दार्जिलिंग आणि लडाखमध्ये शिकली. थंडीत कसं राहायचं, काय कधी घालायचं आणि कधी काढायचं, याचा सराव केला. मनीषाला कुणी विचारलं नसेल, की पोरीच्या जातीनं पँट कशी घातली. आणि विचारलं असेल, तर तिनं ऐकलं नाही हे बरंच झालं.

आता बघा, या सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट पुढे येते. १९६२ च्या जवानांना कपडे मिळाले नाहीत. त्यांचा नाइलाज होता. आपल्याला कपडे मिळतात, तरी आपण लाजेपोटी किंवा माहिती नसल्यामुळे घालत नाही. त्यांनी जी किंमत मोजली, ती आपण पुन्हा मोजायची काय?

म्हणून आमच्या बैठकीत आम्ही जे ठरवलं, ते सांगतो. जमेल तसं लिहून घ्या.

पहिलं, उंचीचा हिशेब. हजार मीटर वर गेलं, की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. गौरीकुंड १,९८० मीटरच्या आसपास आहे, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. म्हणजे खाली ऊन असलं, तरी वर किमान दहा अंशांचा फरक धरूनच चालायचं. वारा आणि पाऊस वेगळा.

दुसरं, तीन थर. अंगालगत सुती काही नको. पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा अंगाबरोबर बसणारा इनर घ्यायचा. त्याचं काम घाम अंगापासून दूर नेणं. मधला थर उबेचा, म्हणजे स्वेटर किंवा लव असलेलं फ्लीसचं जॅकेट. बाहेरचा थर वारा आणि पाऊस अडवणारा. दुकानात कापड तोंडाशी धरून फुंका. पलीकडे हाताला हवा लागली, तर वाराही आत येणार. एक जाडजूड कोट घेण्यापेक्षा तीन हलके थर बरे, कारण ते काढता-घालता येतात.

तिसरं, चढताना थोडी थंडी वाजू द्यायची. गंमत वाटेल, पण हेच खरं. चढायला लागण्याआधी एक थर काढायचा, म्हणजे घामानं भिजणार नाही. थांबलं की लगेच घालायचा, थंडी वाजायची वाट बघायची नाही. आम्ही नेमकं उलट केलं होतं.

चौथं, सलवार किंवा पँट. साडी वर मंदिरात नेसा, दर्शनाला नेसा. वाटेत नको. ओला घोळ पायात अडकतो आणि अंगाची ऊब पितो.

पाचवं, पाय, हात आणि डोकं. बूट संध्याकाळी घ्यायचे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जाड मोजे घालूनच मापून बघायचे. बोटं आत हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गारठतात. निघायच्या आधी पंधरा दिवस रोज शेतात, बाजारात तेच बूट घालून चालायचं. मोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा आणि तो फक्त रात्री झोपताना घालायचा. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहतात असा मोजा जास्त ऊब देतो. १९५३ साली एव्हरेस्टच्या शेवटच्या मुक्कामाला एडमंड हिलरींनी बूट तंबूबाहेर ठेवले होते. सकाळी ते दगडासारखे गोठलेले निघाले. स्टोव्हवर धरून मऊ करण्यात दोन तास गेले. तेव्हा रात्री बूट आत घ्यायचे.

सहावं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकमेकींकडे लक्ष. बोबडी वळणं, पाय अडखळणं, गुंड्या लावता न येणं, उगाच चिडणं किंवा गप्प होणं, ही थंडी बाधल्याची लक्षणं आहेत. थरथर थांबली आणि बाई सुस्त झाली, तर धोका वाढला असं समजायचं. आधी ओलं काढायचं, कोरडं घालायचं, डोकं झाकायचं, वाऱ्यापासून आडोसा करायचा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तरच गरम गोड प्यायला द्यायचं. हातपाय चोळायचे नाहीत, दारू तर मुळीच नाही. आणि लगेच डॉक्टरकडे न्यायचं. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपायचं नाही, तिचा धूर दिसत नाही तरी जीव घेतो. डोकं ठणकत असेल, उलट्या होत असतील, धाप लागत असेल, तर ती उंचीची बाधा. तिच्यावर कोट घालून उपयोग नाही, खाली उतरणं हाच उपाय.

आता पैशाची गोष्ट. दरवर्षी सगळ्या जणी जात नाहीत. मग प्रत्येकीनं सगळं विकत का घ्यायचं? यावर बैठकीत बराच वाद झाला. एक ताई म्हणाल्या, गटाचा पैसा बी-बियाण्याला, पोरांच्या शिक्षणाला. यात्रेच्या कपड्यांना नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी असं ठरलं, की गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. जाणाऱ्या बायांनी वर्गणी काढायची आणि बाहेरचे कोट, हातमोजे, टोप्या यांची एक पेटी करायची. पेटी ग्रामसंघाच्या खोलीत राहील. नेणारीनं वहीत सही करायची, थोडं भाडं द्यायचं आणि धुऊन, वाळवून परत आणायचं. इनर, मोजे आणि बूट मात्र ज्याचे त्यानं घ्यायचे. शिलाई करणाऱ्या दोघी जुन्या कोटांच्या चेन आणि गुंड्या दुरुस्त करून देणार आहेत.

या पेटीत आम्ही एक घोंगडीही ठेवली आहे. पहिली वर्गणी मावशींनी दिली. पैसे वहीत लिहून घेताना आम्ही विचारलं, "मावशी, पुन्हा जाणार का?" मावशी म्हणाल्या, "जाईन ना! पण आता सलवार मीच आधी घालीन. आणि त्या टपरीवाल्या बाईले साडी घेऊन जाईन."

पुढच्या महाशिवरात्रीला केदारनाथची दारं कधी उघडणार ते कळेल. तुमच्या गावातूनही कुणी जाणार असेल, तर ही गोष्ट तिच्यापर्यंत पोचवा. आणि घरी जुनी घोंगडी माळ्यावर पडली असेल, तर ती खाली काढा, उन्हात टाका, झटका. टाकून मात्र देऊ नका.